थोरलीच्या नावावर

त्या विमानाला हँगरमध्ये सगळे ‘थोरली’ म्हणायचे. साडेतीनशे माणसं पोटात घेणारं, तिमजली घराएवढं उंच, आणि दर चार दिवसांनी काही ना काही कुरकूर काढणारं. कंपनीनं मोठ्या हौसेनं असली दोन विमानं घेतली होती. त्यातलं एक पाच महिने कोपऱ्यात इंजिनाविना उभं होतं. त्याचेच सुटे भाग काढून काढून थोरलीला लावायचे, म्हणून ही निदान अधूनमधून उडत तरी होती. प्रवाशांमध्ये विनोद असा होता की मोठ्या विमानाचं तिकीट काढलंत तर दोन वेळचा डबा आणि अंथरूण बरोबर घ्या. हँगरमधला विनोद याहून वाईट होता, तो इथे सांगण्यासारखा नाही.

थोरलीची देखभाल ज्यांच्याकडे होती त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांनी शाळेत कधी शिकवलेलं नव्हतं. चौतीस वर्षं इंजिनांत हात घालणारे ते साधे मेकॅनिक. पण नवा माणूस कामावर आला की पहिल्याच दिवशी ते त्याला आपल्या हत्यारांच्या पेटीसमोर उभं करत आणि अर्धा तास व्याख्यान देत. पेटीच्या प्रत्येक खणात जाड काळा स्पंज होता आणि त्यात एकेका हत्याराच्या आकाराची खाच. पान्याची खाच वेगळी, पकडीची वेगळी, आणि प्रत्येकावर कोरलेला नंबर. काम सुरू करताना मोजायचं, संपल्यावर मोजायचं. एक जरी खाच रिकामी दिसली तरी विमान जागचं हलवायचं नाही, कारण ते हत्यार विमानात राहिलं असेल तर वर आभाळात कुठे जाऊन अडकेल याचा नेम नाही. “हत्यार हरवणं हा गुन्हा नाही,” व्याख्यानाचा शेवट ठरलेला असे, “लपवणं हा गुन्हा.” हे म्हणताना ते चष्मा काढून हातात धरायचे. माणसं त्यांच्या पाठीमागे नक्कल करायची, चष्म्यासकट.

नक्कल केली तरी मान होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या जोडीदाराचा, ज्याला सगळे डावखुरा म्हणत त्याचा, एक बोटाएवढा पाना हरवला होता. गुरुजींनी त्याला सगळ्या पाळीसमोर उभं केलं आणि हरवलेल्या पान्याचा नंबर मोठ्यानं वाचायला लावला. चाळिशीतला, दोन मुलांचा बाप तो, शाळकरी पोरासारखा खाली मान घालून उभा राहिला. सहाजण शोधायला लागले आणि पंचवीस मिनिटांत पाना सापडलाही. तेव्हापासून डावखुरा दर तासाला पेटी मोजतो. गुरुजी ही गोष्ट नव्या माणसांना सांगत, आणि तीही डावखुऱ्यासमोर.

तर त्या शनिवारी सकाळी पावणेदहाला, थोरली साडेदहाला निघायची असताना, गुरुजींच्या पेटीत एक खाच रिकामी होती.

लांब दांड्याचा छोटा आरसा, नंबर सतरा. दातांचे डॉक्टर तोंडात घालतात तसला. जिथे डोकं जात नाही तिथे तो घालून मागची बाजू बघायची. सकाळी त्यांनी डाव्या इंजिनाचं झाकण उघडून गरम हवेच्या झडपेची मागची बाजू त्याच आरशानं बघितली होती. ही झडप म्हणजे थोरलीचं जुनं दुखणं. झडप ठणठणीत असली तरी वैमानिकासमोर तिचा पिवळा दिवा उगाचच लागायचा. आज सगळं नीट होतं. दिवा लागला नव्हता, झाकण बंद झालं होतं, आणि थोरली कधी नव्हे ती वेळेवर निघणार होती.

गुरुजींनी खिसे चाचपले. शिडीखाली बघितलं. पुसायच्या फडक्यांचा डबा उलटा केला. मग पुन्हा पेटी उघडून बघितली, जणू काही दोन मिनिटांत आरसा स्वतःच्या पायानं घरी आला असेल. खाच रिकामीच होती.

आरसाच तो, त्यात काय एवढं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. त्यांनी फक्त चार पावलं जाऊन शिफ्टच्या साहेबांना सांगायचं होतं की माझा आरसा सापडत नाही. बस. सगळी पाळी धावली असती. पण ही चार पावलं चालायची तर वाटेत डावखुरा उभा होता, हात पुसत. त्याच्या पलीकडे गेल्याच आठवड्यात व्याख्यान ऐकलेली दोन नवी माणसं होती. लोकांना शहाणपण शिकवून चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला त्यांच्यासमोर उभं राहून सतरा हा आकडा उच्चारता येईना. कानशिलं तापली. डावखुऱ्याला त्या दिवशी कसं वाटलं असेल, हे त्यांना तीन वर्षांत पहिल्यांदाच कळलं, आणि कळूनही त्यांनी जे करायचं ते केलंच.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. आरसा पोटात ठेवून थोरलीला उडू द्यावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. इतके ते वाया गेले नव्हते. विमान थांबवायचंच होतं, फक्त कारण दुसरं हवं होतं. आणि थोरलीला थांबवायला कारण काय, वाटेल तेवढी. जी बदनाम तिच्यावर आणखी एक आळ घातला तर कुणाला संशय येतो? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगण आधीपासूनच वाकडं म्हणून गावभर प्रसिद्ध होतं. गुरुजींनी विमानाची नोंदवही उघडली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘झडपेचा दिवा पुन्हा लागला. तपास सुरू.’ खाली सही केली.

“परत?” डावखुऱ्यानं विचारलं.

“परत,” गुरुजी म्हणाले. “झाकण उघड.”

त्यांचा हिशेब साधा होता. झाकण उघडायचं, तासाभरात आरसा शोधायचा, दिवा गेला म्हणून लिहायचं, आणि थोरलीला सोडून द्यायचं. तासाभराचा उशीर थोरलीच्या बाबतीत कुणी उशीर म्हणूनही धरत नव्हतं.

पण जे शोधायचं ते कुणाला सांगायचं नसेल तर शोधणार किती? डावखुऱ्याला त्यांनी दिव्याच्या तारा तपासायला बसवलं. तो बिचारा एकेक जोड सोडवून, पुसून, परत लावत होता, नसलेला दोष शोधत. गुरुजी बॅटरी घेऊन इंजिनाच्या पोटात शिरले. नळ्यांच्या मागे, पट्ट्यांच्या खाली, हात जाईल तिथे हात, नाही जाणार तिथे बोटं. एकदा डावखुऱ्यानं विचारलं, “गुरुजी, तार तर इकडे आहे, तुम्ही तिकडे काय बघताय?”

“तू तुझं बघ,” गुरुजी खेकसले. चोराच्या मनात चांदणं.

पावणेअकराला त्यांचा फोन वाजला. भाचीचा होता. धाकट्या बहिणीची ही मुलगी प्रवाशांच्या काउंटरवर कामाला होती. नोकरी मामाच्याच शब्दावर लागलेली. थोरली अडली की लोकांचं सगळं तोंडसुख तिच्या वाट्याला यायचं. विमान बनवलं कुणी, घेतलं कुणी, आणि शिव्या खायला ही.

“मामा, खरं सांग हं,” ती हळू आवाजात म्हणाली. “किती वेळ लागेल?”

“तासभर.”

“तो वरच्यांना सांगायचा तासभर झाला. मला खरं सांग. इथे एक मावशी आहेत, सकाळी सातपासून बसल्यात. त्यांचा मुलगा बोटीवर असतो. चार वर्षं भेट नाही. बोट आज तिथल्या बंदरात आहे, नऊला सुटणार, मग परत आठ महिने समुद्रात. दुसऱ्या कंपनीच्या बाराच्या विमानात दोन जागा आहेत, अकराच्या आत मी त्यांना तिकडे बसवू शकते. पण त्या विमानाला वाटेत बदलावं लागतं, आणि त्या कधी एकट्या गेलेल्या नाहीत, घाबरल्यात. तू एका तासात म्हणत असलास तर इथेच थांबवते. सांग, काय करू?”

इंजिनाच्या पोटात वाकून उभ्या असलेल्या गुरुजींच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. ‘बसव त्यांना तिकडे’ एवढे तीन शब्द म्हणायचे होते. पण तसं म्हटलं की भाची विचारणार, का, एवढं मोठं आहे का काही? मग ती वर विचारणार, आणि वरचे खाली येणार. शिवाय आरसा आत्ता सापडेल, या हाताखालीच असेल, असं त्यांना खरंच वाटत होतं.

“थांबव त्यांना,” ते म्हणाले. “झडपेचा दिवा आहे, नेहमीचाच. साडेअकरापर्यंत मोकळं करतो. काळजी करू नको.”

“नक्की ना? मी त्यांना सांगते, माझा सख्खा मामाच बघतोय म्हणून.”

“नक्की,” गुरुजी म्हणाले.

साडेअकरा वाजले. आरसा सापडला नाही. बारा वाजले, आणि साहेब स्वतः शिडीशी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात नोंदवहीचा मागचा कागद होता.

“गुरुजी, खाली या. कंट्रोल रूमनं विमान बंद केलंय.”

“बंद? का?”

“तिसरी वेळ झाली ना. दहा दिवसांत तोच दोष तीनदा लिहिला गेला की झडप बदलल्याशिवाय सोडायचं नाही, तुम्हालाच माहीत आहे की. आणि नवी झडप आपल्याकडे नाही. कोपऱ्यातल्या विमानाची काढून लावू म्हटलं तरी काढणं, बसवणं, तपासणं, आज काही होत नाही.”

“तिसरी कशी? सोमवारी एकदा लिहिला होता. आज दुसरी.”

“गुरुवारी रात्रपाळीनं लिहिलाय. तुम्ही सुट्टीवर होतात.” साहेबांनी कागद पुढे केला. “मागचं पान नाही बघितलंत?”

मागचं पान बघितल्याशिवाय पुढच्या पानावर अक्षर लिहू नये, हेही त्याच व्याख्यानात होतं, मधोमध कुठेतरी. गुरुजींनी कागद हातात घेतला आणि वाचल्यासारखं केलं. त्यांना काहीच दिसत नव्हतं. जी गाडी तासाभरासाठी अडवायची म्हणून त्यांनी दगड लावला होता, तिचं चाकच निखळलं होतं. साडेतीनशे माणसं आणि बोटीवरच्या मुलाची आई, आता कुणीच जाणार नव्हतं.

“नाव मोठं लक्षण खोटं, दुसरं काय,” साहेब थोरलीकडे बघून म्हणाले आणि गेले.

एक वाजता झडप काढायला दोन माणसं आली. डावखुरा वर चढला. गुरुजी खाली शिडी धरून उभे होते, कारण हातांना काहीतरी धरायला हवं होतं. दहा मिनिटंही झाली नसतील. डावखुऱ्याचे हात थांबले. मग तो सावकाश खाली उतरला, बाकीच्या दोघांकडे पाठ केली, आणि मूठ उघडली.

“झडपेच्या मागच्या कंगोऱ्यावर होता,” तो म्हणाला. “तुमचा नंबर आहे.”

गुरुजींनी आरसा घेतला. डावखुऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं, थोरलीकडे बघितलं, आणि सकाळपासून आपण पुसत बसलो त्या तारांकडे बघितलं. त्याला कळायला वेळ लागला नाही. गडी हुशार होता.

“दिवा लागलाच नव्हता,” तो म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

“नाही.”

“मला तरी सांगायचं होतंत, गुरुजी. पाच मिनिटांत काढला असता मी. माझा हात जातो तिथे, डावा.”

त्याचा डावा हात जातो, हे गुरुजींना माहीत होतं.

“मी कुणाला बोलणार नाही,” डावखुरा म्हणाला आणि परत शिडी चढून गेला. तो चिडला असता, चार शब्द सुनावले असते, पाळीला हाक मारून नंबर वाचायला लावला असता, तर गुरुजींना बरं वाटलं असतं. तो कुणाला बोलणार नव्हता. त्याला लाज काय असते ते माहीत होतं, आणि ती त्याला दुसऱ्याला द्यायची नव्हती. गुरुजींना वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. पण हँगरची जमीन, वीतभर जाड काँक्रीट.

ते साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आरसा टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उचलला, नंबर बघितला आणि हसले.

“बसा, गुरुजी. पाणी घ्या.”

“मी खोटं लिहिलंय, साहेब.”

“तुम्ही?” साहेबांनी मान हलवली. “चौतीस वर्षांत तुमच्या पेटीतला खिळा इकडचा तिकडे झाला नाही. अहो, झडप काढताना आरसा पडला असेल. आणि दिवा लागला असेलच, थोरलीचा कधी लागत नाही? तुम्ही थकलात, त्यात एवढ्या लोकांचे हाल झाले ते मनाला लावून घेतलंत. तुमचा स्वभावच तसा.”

“साहेब, दिवा लागला नव्हता.”

“बरं, नव्हता,” हट्टी मुलाची समजूत घालावी तसे साहेब म्हणाले. “पण आता विमान बनवणाऱ्या कारखान्याला पत्र गेलंय की झडप तिसऱ्यांदा बिघडली. ते परत मागवू? थोरलीच्या नावावर एक दोष जास्त चढला तर तिचं काय वाकडं होणार आहे? जा घरी, झोप काढा. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे चाललंय.”

आयुष्यभर जपलेलं नाव असं उपयोगी पडलं. कुणी दार लावून घ्यावं तसं ते मध्ये आलं, आणि गुरुजी बाहेरच राहिले. त्यांनी सांगितलेलं खरं त्यांच्याच चांगुलपणाच्या खात्यात जमा झालं होतं. तिथून बाहेर पडताना त्यांना आरसा हरवल्यापेक्षा जास्त लाज वाटत होती.

ते घरी गेले नाहीत. कामाचे कपडे तसेच ठेवून प्रवाशांच्या इमारतीत गेले. तिथे मोठ्या विमानाची माणसं जागा मिळेल तिथे बसली होती, बॅगांवर, जमिनीवर, एकमेकांवर चिडून थकलेली. काउंटरवर भाची होती. तिचा आवाज बसला होता. त्यांना बघून ती सहकारणीला काहीतरी सांगून बाजूला आली.

“तुझा दोष नाही, मामा,” ती आधीच म्हणाली. “त्या थोरलीला आता भंगारात काढायला हवं.”

गुरुजींनी तिला सांगितलं. साहेबांना सांगितलं त्याहून थोडक्यात, कारण दुसऱ्यांदा ते जास्त जड झालं होतं. आरसा, वही, मागचं पान. ती ‘थकला आहेस’ म्हणेल, ‘थट्टा करतोस’ म्हणेल, असं त्यांना कुठेतरी वाटत होतं. ती म्हणाली, “वाटलंच मला.”

“काय वाटलं?”

“फोनवर तू ‘झडपेचा दिवा आहे, नेहमीचाच’ म्हणालास ना, तेव्हाच. एरवी तू असं सलग बोलतोस का कधी? तुला विचारलं की तू अडखळतोस, ‘बघतो’ म्हणतोस, ‘सांगता येत नाही’ म्हणतोस.” तिनं नाक पुसलं. “मी दिवसभर इथे तेच काम करते, मामा. ‘तांत्रिक कारणामुळे’, ‘लवकरच कळवू’. खोटं बोलताना माणूस किती नीट बोलतो ते मला कळतं. पण तुझ्या बाबतीत मी मनाला म्हटलं, छे, मामा नाही.”

साहेबांना पुरावा दाखवूनही पटलं नव्हतं. हिला एका वाक्यात पटलं. गुरुजींना वाटत होतं की कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवावा. तो असा मिळेल हे वाटलं नव्हतं.

“त्या बाई कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

भाचीनं खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि काउंटरवर परत गेली. ‘मी येऊ का बरोबर’ असं तिनं विचारलं नाही.

बाई पासष्टीच्या असतील. इस्त्रीचे कपडे, केस चापून बसवलेले, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली. मुलासमोर बरं दिसावं म्हणून पहाटे उठून तयार झालेल्या बाईसारख्या त्या दिसत होत्या, आणि तशाच त्या होत्या. गुरुजी त्यांच्यासमोर उभे राहिले. बसायचा आपल्याला अधिकार नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं, आणि बाराच्या विमानातली जागा आपल्याच शब्दामुळे गेली, हेही सांगितलं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

“संध्याकाळचं विमान आहे म्हणतात,” त्या म्हणाल्या. “ते दहाला पोचतं. बोट नऊला जाते.”

“हो.”

“हे तुम्ही मला कशाला सांगताय? मी काय करू ते घेऊन?” मग त्यांनी पर्समधून फोन काढला. बोटानं कुठे दाबायचं ते एकदा आठवून बघितलं आणि दाबलं. “त्याला सांगा. मी सांगितलं, तर ‘बरं’ म्हणाला आणि ठेवून दिला. त्याच्या वडिलांशी भांडून गेला तो. ते होते तोवर त्यांनी मला जाऊ दिलं नाही. दोनदा बोट आली, दोनदा मी त्याला काहीबाही कारणं सांगितली. आता ते नाहीत, पण त्याला वाटतं मीच येत नाही.”

पलीकडे घंटी वाजत होती. गुरुजींनी फोन कानाला लावला. यंत्रांचा गडगडाट ऐकू आला आणि त्यावरून एक तरुण आवाज, “आई, मी कामात आहे.”

“मी विमान दुरुस्त करणारा मेकॅनिक बोलतोय,” गुरुजी म्हणाले. “तुमच्या आईंच्या विमानाचा.”

“बरं.”

“विमान बिघडलं नव्हतं. माझं एक हत्यार त्यात राहिलं. ते सांगायची लाज वाटली म्हणून मी विमानाचा दोष लिहिला.”

“आईनं शिकवलंय का हे?” मुलानं विचारलं. “ तुम्ही शेजारी आहात का? पहिल्यांदा गाडी चुकली होती. मग ताप आला होता. आता मेकॅनिक.”

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. गुरुजींनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि बोलत राहिले. सलग त्यांना बोलता येईना. आरशाचा नंबर सांगितला. पावणेदहा वाजले होते ते सांगितलं. तीन वर्षांपूर्वी दोन मुलांच्या बापाला चारचौघांत कसं उभं केलं होतं ते सांगितलं, आणि म्हणून त्याच चारचौघांत उभं राहायची आपली छाती कशी झाली नाही, तेही. मध्ये अडखळले, परत मागे गेले, मागचं पान बघायचं राहिलं ते सांगायला विसरले होते ते सांगितलं. तुमच्या आईंना दुसरीकडे जागा होती, ती मी खोटं बोलून घालवली, असं म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं वर्तमानपत्र खाली केलं.

ते थांबले तेव्हा पलीकडचा गडगडाटही कमी झाला होता. मुलगा कुठेतरी आडोशाला आला असावा.

“असं स्वतःबद्दल कुणी बनवून सांगत नाही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण तो आता दुसऱ्या कुणावर होता. “आई किती वाजल्यापासून बसलीये तिथे?”

“सकाळी सातपासून.”

“काही खाल्लंय का तिनं?”

गुरुजींना माहीत नव्हतं. दिवसभर त्यांनी आपलं नाव, आपली लाज, आपलं खरं आणि आपलं खोटं, सगळं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि हे त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांनी बाईंकडे वळून विचारलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि फोनसाठी हात पुढे केला.

“आधी तिला खायला आणून द्या,” मुलगा म्हणाला. “मग पुढचं बोलू.”

खाण्याच्या खिडकीपुढे साठसत्तर माणसांची रांग होती, सगळी मोठ्या विमानाची. गुरुजी शेवटी जाऊन उभे राहिले. मागे वळून बघितलं तर बाई फोनवर बोलत होत्या, एका हातानं दुसरा कान झाकून. पुढच्या माणसानं त्यांचे तेलकट कपडे बघितले, छातीवरचा कंपनीचा बिल्ला बघितला.

“तुम्ही हँगरमधले ना?” तो म्हणाला. “काय हो ते विमान. तुमचा तरी किती जीव खात असेल.”

त्यात सहानुभूती होती. ती नुसती घ्यायची होती, मान हलवून. रांगेतली चारपाच माणसं वळून बघायला लागली.

“विमान चांगलं होतं,” गुरुजी म्हणाले, आणि त्या माणसाला नीट ऐकू आलं नाही म्हणून परत, जरा मोठ्यानं म्हणाले.